वाळू, वारा आणि वेल : किनाऱ्यावरील टेकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात किनाऱ्याच्या भूरूपांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. काहींना त्या कशा तयार होतात हे समजून घ्यायचे आहे, तर काहींना तेथे पायी हिंडायचे आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : काही पुळणींच्या मागे वाळूच्या उंच टेकड्या असतात, तर काहींच्या मागे भरपूर वाळू असूनही सपाट जमीनच दिसते. या टेकड्या लाटा रचतात की वारा? आणि त्या सगळीकडे का आढळत नाहीत?

लाटा वाळू पुरवतात, वारा ती रचतो आणि रचलेली वाळू धरून ठेवण्याचे काम वनस्पती करतात. या तिघांपैकी एकाचेही काम अपुरे पडले, तर टेकडी उभी राहत नाही किंवा उभी राहिली तरी एका जागी टिकत नाही.

किनाऱ्यावरची वाळू नद्यांनी आणलेली असते, कड्यांच्या झिजेतून सुटलेली असते किंवा शंखशिंपले व प्रवाळ यांच्या चुऱ्यापासून बनलेली असते. लाटांनी ती पुळणीवर आणून टाकली, तरी वाऱ्याच्या उपयोगाची होण्यासाठी ती सुकावी लागते, कारण ओल्या वाळूच्या कणांमधील पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांशी जखडून ठेवतो. त्यामुळे पुळण जितकी रुंद, तिचा उतार जितका मंद आणि ओहोटीला उघडा पडणारा पट्टा जितका मोठा, तितका वाऱ्याला मिळणारा कोरड्या वाळूचा साठा अधिक असतो. अरुंद आणि तीव्र उताराच्या पुळणीवर वाळूची कमतरता नसली, तरी ती पुरती सुकण्याआधीच पुढची भरती तिला पुन्हा भिजवते. तुमच्या प्रश्नातील सपाट जमिनीचे एक महत्त्वाचे कारण हेच आहे. वारा बहुतेक काळ जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तरीही टेकड्या तयार होत नाहीत.

आता वाऱ्याकडे वळू. टेकड्यांमधील वाळू बहुधा 0.2 ते 0.3 मिलिमीटर व्यासाच्या कणांची असते आणि असे कोरडे कण हलू लागण्यासाठी ताशी साधारण 20 किलोमीटर वेगाचा वारा पुरतो. हे कण धुळीसारखे हवेत तरंगत जात नाहीत. वाऱ्याने उचललेला कण थोडा वर उडतो, पुढे जाऊन आदळतो आणि आदळताना आणखी काही कणांना उडवतो. जे कण उडण्याइतके हलके नसतात, ते या धक्क्यांनी जमिनीलगत पुढे ढकलले जातात. ही उड्यांची साखळी जमिनीपासून काही सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यातच प्रामुख्याने चालते, म्हणूनच जोराच्या वाऱ्यात घोट्यांना वाळूचे चटके बसतात आणि चेहऱ्याला मात्र क्वचितच बसतात. ब्रिटिश लष्करी अभियंता रॅल्फ बॅगनॉल्ड यांनी 1930 च्या दशकात वाळवंटातील निरीक्षणांतून आणि वातबोगद्यातील प्रयोगांतून या हालचालीची मोजमापे केली. वाहून जाणाऱ्या वाळूचे प्रमाण साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे वाळू हलवण्याइतका जोर असलेल्या वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाळूची वाहतूक सुमारे आठपट होते. त्यामुळे वर्षभराच्या मंद झुळकांपेक्षा सोसाट्याच्या वाऱ्याचे मोजके दिवसच टेकडीच्या घडणीत निर्णायक ठरतात.

या वाहत्या वाळूला कोठेतरी थांबावे लागते. उधाणाची भरती जेथपर्यंत पोहोचते, त्या रेषेवर समुद्री शेवाळ, फांद्या, शिंपले आणि इतर सेंद्रिय कचरा पडून राहतो. त्याच्या आडोशाला वारा मंदावतो आणि वाळूची एक छोटी शेपटी साचते. अशा शेपट्या पुढच्या उधाणात पुसल्या जातात. परंतु त्याच कचऱ्यात बिया असतात आणि कुजणारे शेवाळ त्यांना खतही पुरवते. बी रुजून रोप वाढले, की साठणाऱ्या वाळूला जिवंत अडसर मिळतो. पुळण स्वच्छ दिसावी म्हणून यंत्राने ही सारी रेषा खरवडून काढली जाते, तेव्हा उद्याच्या टेकडीचा पायाच उचलून नेला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिक हाताने वेचावे आणि शेवाळ जागच्या जागी राहू द्यावे.

दगड किंवा कुंपण वाळूखाली गाडले गेले, की त्याचा अडसर संपतो. वनस्पतीचे तसे होत नाही. युरोपच्या किनाऱ्यांवर वाढणारे मॅरम गवत वाळूत गाडले जात असतानाच सर्वाधिक जोमाने वाढते. वर्षाला सुमारे एक मीटर वाळू अंगावर पडली तरी ते तिच्यातून वर येते आणि वाळूचा पुरवठा थांबला, की उलट खुरटते. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर हेच काम मर्यादवेल करते. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर पोहोचतात, तिचे लांबच लांब धुमारे वाळूवर पसरतात आणि पेरापेराला मुळे धरतात. अशा रीतीने वाळू साचते, वेल वर चढते आणि वेल वर चढल्यामुळे आणखी वाळू साचते. या टेकडीची उंची म्हणजे वाळूच्या साचण्याची आणि झाडोऱ्याच्या वाढीची एकत्रित नोंद असते.

प्रश्न : वाळूच्या टेकड्या सरकतात असे वाचले आहे. एवढा मोठा ढीग सरकतो म्हणजे नेमके काय होते? किनाऱ्यावरच्या टेकड्याही सरकतात का?

संपूर्ण ढीग एकाच वेळी हलत नाही. वारा समोरच्या मंद उतारावरून कण माथ्याकडे नेतो, माथ्यापलीकडच्या आडोशाला ते कण साचतात आणि तो उतार सुमारे 32 ते 34 अंशांहून तीव्र झाला, की वाळू आपल्याच भाराने घसरते. एका बाजूची वाळू निघून दुसऱ्या बाजूला पडत राहिल्याने टेकडीची जागा हळूहळू बदलत जाते. वनस्पतींनी झाकलेल्या टेकड्या बऱ्याच अंशी स्थिर असतात, तर उघड्या पडलेल्या टेकड्या पुढे सरकतात.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील पिला ही शंभर मीटरहून उंच आणि जवळपास तीन किलोमीटर लांबीची टेकडी दरवर्षी काही मीटर पाइनच्या जंगलात शिरते. डेन्मार्कच्या उत्तर टोकाजवळील रोबिअर्ग मिले ही टेकडी वर्षाला पंधरा मीटरहून अधिक अंतर कापते. त्याच भागात स्केगन येथील चर्च वाळूने वेढले गेल्यामुळे 1795 मध्ये बंद करावे लागले आणि आज त्याचा केवळ मनोरा वाळूतून वर डोकावताना दिसतो. स्कॉटलंडमध्ये 1694 च्या वादळात कुल्बिन येथील शेतजमीन वाळूखाली गेली. छपरे शाकारण्यासाठी लोक टेकड्यांवरचे गवत उपटत असत. वाळू मोकळी होण्यामागे ते एक कारण असल्याचे ओळखून स्कॉटिश संसदेने पुढच्याच वर्षी, 1695 मध्ये, असे गवत उपटण्यास बंदी घातली. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा हा कायदा मला फार मोलाचा वाटतो, कारण वाळूला जागेवर ठेवणारी वस्तू कोणती हे त्यात अचूक ओळखलेले आहे.

पायी हिंडणाऱ्याने टेकडीच्या आकाराकडेही पाहावे. वाळवंटातील चंद्रकोरीसारख्या बारखाणाची दोन्ही टोके वारा ज्या दिशेने जातो त्या दिशेकडे वळलेली असतात. किनाऱ्यावर मात्र अनेकदा याच्या उलट आकार दिसतो: टेकडीचा मधला उघडा भाग पुढे सरकतो आणि झाडाझुडपांनी धरून ठेवलेल्या दोन्ही भुजा मागे, वारा येतो त्या बाजूला राहतात. नकाशावर किंवा उपग्रहचित्रात अशा लांबट भुजा दिसल्या, तर तेथे प्रत्यक्ष न जाताही प्रबळ वाऱ्याची दिशा सांगता येते.

प्रश्न : वादळानंतर आमच्या पाहण्यातील एका टेकडीचा समुद्राकडचा अर्धा भाग कापला गेला आणि तेथे उभी भिंत तयार झाली. ती टेकडी आता संपली, असे समजायचे का?

नाही. वादळी लाटांनी कापली जाणे हा त्या टेकडीच्या कामाचाच भाग आहे. टेकडी ही पुळणीची कणगी आहे: बऱ्या दिवसांत भरावी आणि अडचणीच्या वेळी तिच्यातून काढावे. वादळात लाटा टेकडीची वाळू ओढून नेतात आणि ती उथळ पाण्यात दांड्यांच्या रूपाने पसरते. पुढच्या लाटा त्या दांड्यांवर फुटून आपला जोर घालवतात, त्यामुळे मागील जमिनीवरचा मारा कमी होतो. वादळ ओसरल्यावर शांत हवामानातील लाटा ती वाळू हळूहळू पुळणीवर परत आणतात, वारा ती सुकवून टेकडीच्या पायथ्याशी नेतो आणि वनस्पती पुन्हा चढू लागतात. कापणी एका रात्रीत होते आणि भरपाईला काही वर्षे लागतात, म्हणून हानी डोळ्यांत भरते आणि दुरुस्ती लक्षात येत नाही.

टेकडी खऱ्या अर्थाने संपते ती ही देवघेव तुटल्यावर. नदीवरील धरणांमुळे वाळू समुद्रापर्यंत पोहोचेनाशी झाली, वाळूचा उपसा झाला किंवा टेकडी आणि पुळण यांच्या मध्ये पक्की भिंत उभी राहिली, तर काढलेले परत येण्याचा मार्गच राहत नाही. नेदरलँड्सने ही गोष्ट गांभीर्याने घेतली आहे. तेथे 2011 मध्ये किनाऱ्यालगत सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकण्यात आली आणि ती लाटा, प्रवाह व वारा यांनी आपापल्या गतीने शेजारच्या पुळणींवर व टेकड्यांवर पसरवावी, अशी योजना करण्यात आली.

तुम्ही वर्णन केलेली उभी कड दुरून अवश्य पाहावी. तिच्यावर एकमेकांना छेद देणारे तिरपे थर दिसतील. त्यांतील प्रत्येक थर म्हणजे कधीकाळचा एक घसरता उतार आहे. मात्र अशा कडेच्या माथ्यावर किंवा अगदी पायथ्याशी उभे राहू नये, कारण आतील ओल सुकली, की ती अचानक कोसळते.

प्रश्न : अशा टेकड्यांच्या पट्ट्यातून समुद्राकडून आत असे पायी जायचे ठरवले आहे. जाताना काय पाहावे?

दिशा तुम्ही अगदी योग्य निवडली आहे. किनारा समुद्राच्या दिशेने वाढत आला असेल, तर आतल्या रांगा जुन्या आणि बाहेरच्या नव्या असतात, त्यामुळे आत चालत जाणे म्हणजे एकाच टेकडीचे बालपणापासून वार्धक्यापर्यंतचे टप्पे ओळीने पाहणे होय. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री चँडलर काउल्स यांनी मिशिगन सरोवराच्या काठच्या टेकड्यांवर असेच चालत वनस्पतींच्या बदलत्या क्रमाचा अभ्यास केला आणि तो 1899 मध्ये प्रसिद्ध केला. एका वनस्पतिसमूहाने जमीन बदलावी आणि त्या बदललेल्या जमिनीवर दुसऱ्या समूहाने यावे, या विचाराला त्यातून भक्कम आधार मिळाला. ते सरोवर गोड्या पाण्याचे असले, तरी वाळूवरील हा क्रम समुद्रकाठीही लागू पडतो.

सुरुवात भरतीरेषेपासून करावी. तेथे घोट्याएवढ्या उंचीची टेकाडे दिसतील आणि प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर एखादे रोप असेल. त्यांच्यामागे पहिली मोठी रांग येते. तेथील गवत विरळ असते, अधूनमधून उघडी वाळू दिसते आणि वाळूचा रंग पुळणीसारखाच ताजा असतो. या रांगेतील वनस्पतींना खारट तुषार, उन्हाने तापलेला पृष्ठभाग आणि पाण्याचा तुटवडा हे तिन्ही सोसावे लागते. मॅरमचे पान कोरड्या हवेत लांबीच्या दिशेने गुंडाळले जाते व आतल्या बाजूची रंध्रे झाकली जातात. इतर वनस्पतींमध्ये मांसल पाने, मेणचट लेप किंवा दाट लव आढळते. एखादे पान हातात घ्यावे, निरखावे आणि न तोडता सोडून द्यावे.

माथा ओलांडल्यावर वारा एकदम पडतो आणि लाटांचा आवाजही दबतो. येथून पुढे वाळू कमी येते, म्हणून गाडले जाण्यावर जगणारी झाडे मागे पडतात आणि मॉस, दगडफूल व बुटकी झुडपे दिसू लागतात. शतकानुशतकांच्या पावसाने शिंपल्यांच्या चुऱ्यातील चुना विरघळून खाली गेलेला असतो, पालापाचोळ्याने वाळू करडी झालेली असते आणि ती मातीसारखी थोडी ओल धरू लागते. समुद्राकडच्या झुडपांचे शेंडे वाऱ्याने व खाऱ्या तुषारांनी कातरल्यासारखे तिरपे झालेले असतात; त्या उताराची रेषा डोळ्यांनी समुद्राकडे नेली, तर ती पहिल्या रांगेच्या माथ्याशी जुळते. शेवटी जंगल लागते. तेथे जमिनीवरची पाने बाजूला सारली, तर खाली पुन्हा तीच वाळू सापडते.

घाई करू नये. सकाळी लवकर निघाल्यास तिरप्या उन्हात वाळूवरील ऊर्मिचिन्हे ठळक दिसतात. या लहरींच्या ओळी वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असतात आणि त्यांच्या माथ्यावर जाडसर, तर खळग्यांत बारीक कण असतात. भिंगातून पाहिल्यास हा फरक चांगला कळतो. रात्री हिंडून गेलेले खेकडे, किडे, सरडे आणि पक्षी यांच्या पावलांच्या खुणाही याच वेळी वाचता येतात, कारण ऊन तापून वारा सुटला, की त्या पुसल्या जातात.

प्रश्न : दोन टेकड्यांमधील खोलगट भागात तळे दिसले आणि त्याचे पाणी गोडे होते. समुद्र इतका जवळ असताना हे कसे शक्य आहे?

पावसाचे पाणी वाळूतून सहज झिरपते आणि ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने खालच्या खाऱ्या भूजलावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. आदर्श परिस्थितीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याचा साठा समुद्रसपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत जातो. वाऱ्याने एखादी जागा भूजलापर्यंत खणली, की तेथे तळे दिसू लागते. त्याखालची ओली वाळू वाऱ्याला हलवता येत नसल्याने तळाची पातळी आपोआप ठरते. ॲम्स्टरडॅम शहराला 1853 पासून टेकड्यांतील याच पाण्याचा पुरवठा सुरू झाला. ब्राझीलमधील लेन्सॉइस मारान्येन्सेस येथे पावसाळ्यात टेकड्यांमध्ये असंख्य निळसर तळी भरतात आणि कोरड्या महिन्यांत त्यांतील बहुतेक आटतात.

प्रश्न : वाळूच्या टेकड्यांवर चालताना फार दमायला होते. चालण्याची काही विशेष पद्धत आहे का? आणि मुलांना बरोबर न्यावे का?

दमायला होणे स्वाभाविक आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, त्याच वेगाने वाळूवर चालायला कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाची बरीच शक्ती वाळू सरकवण्यात खर्च होते. म्हणून एरवीच्या अंदाजापेक्षा निम्मेच अंतर ठरवावे आणि पाणी मात्र अधिक घ्यावे. पुळणीवरून चालताना ओहोटीने मागे ठेवलेली ओलसर, घट्ट वाळू निवडावी; त्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात. चढताना वाऱ्याकडची मंद बाजू घ्यावी, कारण ती वाऱ्याने दाबली गेलेली असते. दुपारची उघडी वाळू पाय भाजण्याइतकी तापते आणि काही गवतांची टोके सुईसारखी असतात, म्हणून अनवाणी जाऊ नये.

मुलांना अवश्य न्यावे, परंतु वाळूत बोगदा किंवा खोल खड्डा त्यांना करू देऊ नये. कोरडी वाळू काही क्षणांत ढासळते आणि छातीवर तिचा भार आला, की श्वास घेता येत नाही. गुडघ्यापेक्षा खोल खणू नये, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे. सरकत्या टेकडीखाली जंगल गाडले गेलेले असेल, तर आणखी एक धोका असतो. मिशिगन सरोवराच्या काठावरील माउंट बाल्डी या टेकडीवर 2013 मध्ये एक सहा वर्षांचा मुलगा अचानक उघडलेल्या भोकात खोल गेला आणि तीन तासांहून अधिक काळाने त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. वाळूत गाडलेले झाडाचे खोड कुजून गेल्याने तेथे पोकळी राहिली होती. अशा भागात बंदीचे फलक असतील, तर ते काटेकोरपणे पाळावेत.

प्रश्न : एका माणसाच्या चालण्याने एवढ्या मोठ्या टेकडीचे खरोखर काही बिघडते का? ‘गवतावर पाय देऊ नका’ हे फलक अतिशयोक्तीचे वाटतात.

उघड्या वाळूवरील पाऊलखुणा पुढचा वारा पुसून टाकतो, त्यामुळे तेथे चालण्याने फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते झाडोऱ्यावर चालल्याने, आणि विशेषतः सगळ्यांनी एकच जवळची वाट धरल्याने. वेलीचे धुमारे तुटले, की त्या जागी वाळू मोकळी होते, वारा तेथे शिरतो आणि दोन्ही बाजूंच्या झाडोऱ्यामुळे कोंडल्यामुळे त्याचा वेग वाढतो. वेग थोडा वाढला, तरी वाळूची वाहतूक किती झपाट्याने वाढते, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. पाहता पाहता त्या वाटेचे खिंडार होते आणि वादळी लाटांना तोच मार्ग मोकळा मिळतो. लाकडी पायवाट असेल तर तिच्यावरूनच जावे. नसेल तर आधीच मळलेल्या वाटेने किंवा उघड्या वाळूवरून जावे. पक्षी व कासवे यांच्या अंडी घालण्याच्या काळात उघडी वाळूही वर्ज्य मानावी, कारण तेथे अंडी डोळ्यांना दिसतीलच असे नाही.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. प्रत्येक उघडी जागा म्हणजे जखम नव्हे. नेदरलँड्समध्ये टेकड्या गरजेपेक्षा जास्त गवताने झाकल्या गेल्यामुळे उघड्या वाळूवर जगणारे जीव कमी झाले, म्हणून काही ठिकाणी पहिल्या रांगेत मुद्दाम खाचा पाडून वाऱ्याला आत येऊ देण्यात आले आहे. अशा जागा वाळूचा साठा, वाऱ्याची दिशा आणि मागील वस्ती यांचा विचार करून निवडलेल्या असतात. पायाखाली आपोआप पडलेल्या खिंडाराची त्यांच्याशी तुलना करता येत नाही.

प्रश्न : टेकडीच्या उतारावर काळे पट्टे दिसले. ते तेलाचे डाग आहेत का?

पट्टे कोरडे, बारीक दाण्यांचे आणि बोटांना न चिकटणारे असतील, तर ते बहुधा जड खनिजांचे आहेत. नेहमीची वाळू मुख्यतः क्वार्ट्झची असते आणि ते पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड असते. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही काळी खनिजे पाण्याच्या साडेचार ते पाच पटींहून जड असतात. वारा किंवा लाटा हलके कण उचलून नेतात आणि हे जड कण मागे उरतात, त्यामुळे काळा पट्टा दिसेल तेथून वाळू निघून गेली आहे असे समजावे. पट्ट्यात लालसर छटा असेल, तर त्यात गार्नेटही असण्याची शक्यता आहे. एखादा साधा लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या वाळूवरून फिरवावा: मॅग्नेटाइटचे कण त्याला झुपक्याने चिकटतील, इल्मेनाइटचे मात्र बहुतांशी जागीच राहतील.